गोधडीचं चिलखत

आमच्या घरात मधली काही वर्षं 'चिलखत' हा शब्द मीठ-मिरचीसारखा रोजच्या बोलण्यातला होता. शिलाई मशीनवर, पाटावर, दिवाणाखाली आमचे कागद पसरलेले असायचे आणि आई फडकं पिळता पिळता म्हणायची, "तुमची चिलखतां उचला हयसून, माका लादी पुसूची आसा." तिला त्यात काही वावगं वाटायचं नाही. बाबांना वाटायचं. घोड्याएवढी झालेली मुलं राक्षस-राक्षस खेळतात, हे चारचौघांत सांगायची सोय नाही, असं त्यांचं म्हणणं. मी तेव्हा बारावीचा निकाल लागून कॉलेजात जायच्या बेतात होते, आणि माझा मोठा भाऊ महेश, म्हणजे दादा, नुकता नोकरीला लागला होता. तेव्हा बाबांचं काही अगदीच चूक नव्हतं.

त्याच दिवसांत आईच्या छातीत गाठ होती. शिमग्याच्या सुमारास अंघोळ करताना ती तिच्या हाताला लागली आणि घरात ते फक्त तिलाच ठाऊक होतं. हे मी आत्ताच सांगून टाकते. गोष्ट रंगावी म्हणून माणसाचा आजार शेवटपर्यंत राखून ठेवणाऱ्यांची मला चीड आहे. लपवालपवी आमच्या घरात तेवढ्या काळात भरपूर झाली, त्यात मी भर घालणार नाही.

आम्ही मरोळला राहायचो. तिसरा मजला, लिफ्ट नाही, दोन खोल्या आणि एक चिंचोळी गॅलरी. बाबा तिथल्याच औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. त्यांच्या हातांना लेथवरच्या तेलाचा वास कायमचा होता, साबणानं जायचा नाही, आणि मला तो आवडायचा. गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या शेडमध्ये प्रेस मशीन होतं. ते सहा दिवस ठाक-ठाक करायचं आणि आमची झोप त्यानं मोडायची नाही. रविवारी ते बंद असलं की मात्र बाबा पहाटेच जागे व्हायचे, मग पिशवी घेऊन मरोळच्या मासळी बाजारात जायचे. रविवारचा स्वयंपाक ठरलेला असे, तिरफळं घातलेलं बांगड्यांचं तिखलं, भात, सोलकढी, आणि बाजारात काही मनासारखं मिळालं नाही तर काळ्या वाटाण्यांचं सांबारं. आई बाबांना वाढायची, मग दादाला, मला, आणि जी कोणी मैत्रीण किंवा पाहुणा टपकलेला असेल त्याला. स्वतः शेवटी बसायची, पातेलं पुढ्यात घेऊन. तिच्या ताटात काय पडलं ते कोणी बघत नसे. न बघणं हाच आमच्याकडे शिस्तीचा भाग होता. बाबांच्या लहानपणी गावच्या घरात खाणारी तोंडं मोप आणि कालवण बेताचं, त्यामुळे दुसऱ्याच्या ताटात डोकावणाऱ्या पोराच्या डोक्यात आजोबा कालवण वाढायचा डाव घालायचे. ती शिकवण बाबांनी आम्हाला जशीच्या तशी दिली, डाव सोडून. आपलं ताट, आपली वाटी, आपलं आपण बघायचं.

आता खेळाचं सांगते. खालच्या मजल्यावर प्रज्ञा राहायची, माझ्याच वर्गातली. तिचं कुटुंब बुलढाण्याकडचं, वडील टपाल खात्यात, आणि गणितात तिचं डोकं असं की आमच्या बाई फळ्यावर चुकल्या की आधी तिच्याकडे बघायच्या. तिचा मामा बोटीवर होता. त्यानं कुठल्याशा बंदरातून तिच्यासाठी एक खोका आणला. त्याला वाटलं लुडोसारखं काहीतरी असेल. उघडला तर आत पट नाही, सोंगट्या नाहीत, फक्त जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि चित्रविचित्र फासे, त्यात एक तर वीस तोंडांचा. प्रज्ञा चार दिवस मामावर फुगून बसली. मग आम्ही दोघी डिक्शनरी घेऊन पुस्तकाला भिडलो आणि हळूहळू उलगडा झाला. एकीनं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि मारामारीची वेळ आली की फासा टाकून ठरवायचं, वार बसला की हुकला. गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझ्याइतकं तोंड कोणालाच चालवता येत नव्हतं. राक्षस, दरोडेखोर, लांडगे, सगळे मीच.

नियम सोपा होता. प्रत्येकाचा जीव तीस. ते तीस आम्ही चिंचोक्यांनी मोजायचो, प्रत्येकाच्या पुढ्यात स्टीलची वाटी आणि तीत तीस चिंचोके. वार बसला की तेवढे चिंचोके काढून डब्यात टाकायचे, वाटी रिकामी झाली की मेलात. रविवार ते रविवार विश्रांती धरून दहा परत मिळायचे, मेलेल्याला मात्र नाही. आणि प्रत्येकाला बचावाचा एक आकडा. राक्षसाचा फासा त्या आकड्याच्या वर गेला तर वार बसला, नाहीतर हुकला. चिलखत चढवलं की बचाव वाढायचा. झालं, एवढंच. दादा या खेळात आला आणि पहिल्याच महिन्यात त्यानं त्याची वाट लावली.

दादाचा स्वभाव मुळात जपून राहणारा. नवी चप्पल घेतली तर आठ दिवस घरातच घालून बघणार. त्यानं आपल्या माणसाचं नाव ठेवलं रणगाडा, आणि लढाईत जे काही मिळेल त्याचं फक्त चिलखत घेतलं. आधी लोखंडी जाळी, मग पत्रे, मग ढाल, शिरस्त्राण, कसलीशी मंतरलेली अंगठी. शेवटी त्याचा बचाव इतका वर गेला की माझ्या दरोडेखोरांना तो लागेचना. वीस तोंडांच्या फाशावर वीसच पडले तर कुठे त्याला खरचटायचं. मी दहा दरोडेखोर सोडले तरी तो मख्खपणे शेंगदाणे खात बसायचा. लढाई संपता संपत नसे, कंटाळून प्रज्ञा लोळायला लागायची. म्हणून मी राक्षसांची ताकद वाढवली. आता ते दादाला अधूनमधून लागायला लागले, पण प्रज्ञाची खेळातली जी चपळ, हलकीफुलकी पोरगी होती, तिला ते फासा न टाकताही लागले असते. दादाला ओरखडा काढायचा तर प्रज्ञाचा मुडदा पडायचा. तीनदा पडला. तिसऱ्यांदा ती फासे गोळा करून घरी निघून गेली, आणि फासे तिचे असल्यामुळे खेळ बंद.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती परत आली ती तोडगा घेऊनच. तिचं म्हणणं असं की आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच आकड्यात कोंबल्यात. वार चुकवणं वेगळं आणि झेलणं वेगळं. पत्र्याच्या चिलखतातला माणूस वार चुकवत नाही, उलट त्याला तो आधी बसतो, पण आत पोचतो थोडासाच. हलक्या माणसाला वार बसतच नाही सहसा, पण बसला की पुरता बसतो. तर चुकवण्याचा आकडा निराळा ठेवू आणि झेलण्याचा निराळा. जड चिलखत झेलेल, त्याबदल्यात चुकवणं कमी. आम्ही करून बघितलं. पहिल्याच रविवारी नवा घोळ, लहानसहान वार दादा पूर्णच झेलायचा, आत शून्य. पुन्हा तेच शेंगदाणे. मग आणखी एक कलम घातलं की चिलखत कितीही जाड असो, वार बसला की एक तरी चिंचोका जाणारच. यावर दादा आठवडाभर भांडला. लोखंड आहे की पापड, असं विचारत होता. पण खेळ सुधारला. लढाई चहाला आधण ठेवल्यापासून चहा पिऊन होईपर्यंत टिकावी, असं आमचं माप होतं, आणि ते जवळजवळ जमायला लागलं.

हल्ली माझ्याकडे शनिवारी बोरिवलीच्या घरी भाचरं आणि त्यांची मित्रमंडळी येतात. त्यांच्या फोनात सगळं असतं, फासे, आकडे, कोणाला किती लागलं, कोणाचा किती जीव उरला, सगळं लाल-हिरव्या पट्ट्यांत दिसतं. आत्या, चिलखताचे आकडे तुम्ही कसे बसवायचात, असं ती मला विचारतात आणि मी सांगायला लागले की दोन मिनिटांत पुन्हा फोनात बघतात. मला राग येत नाही. पट्टी दिसते ते बरंच आहे.

आई खेळात आली ती केवळ आम्हाला एक माणूस कमी पडलं म्हणून. प्रज्ञाचा चुलतभाऊ खेळायचा, तो नागपूरला कामाला गेला. तिघांत मजा नव्हती. रविवारी दुपारी आई तिथेच भिंतीला टेकून लसूण सोलत नाहीतर तांदूळ निवडत बसलेली असायची, ऐकत. प्रज्ञानंच म्हटलं, काकू, या ना. आई आधी नाही नाही म्हणाली आणि मग लगेच आली, त्यावरून तिला केव्हापासून यायचं असावं. कोण होणार विचारलं तर म्हणाली, मी काय होतलंय, तुमच्यावांगडा, सोबतीक येणारी बाई. नाव ठेवलं द्वारका, तिच्या आतेचं. हत्यार नको म्हणाली. चिलखताच्या यादीत सगळ्यात स्वस्तातलं आणि निकामी एक होतं, कापडाचे थर शिवून केलेलं. मी त्याचं मराठी 'गोधडी' केलं होतं. आईनं तेच घेतलं. ऊब पण येईल, म्हणाली. दादानं कपाळावर हात मारला.

थोड्या दिवसांआधी मी एक नियम केला होता, खरंतर प्रज्ञाच्या पोरीला वाचवायला, म्हणजे दादाच्या लोखंडाचा कोणाला तरी उपयोग व्हावा म्हणून. शेजारी उभ्या माणसावर वार आला तर तुम्ही आड येऊ शकता. तो वार मग तुमचा. दादानं तो नियम कधी वापरला असेल तर देवाशपथ मला आठवत नाही. आईनं पहिल्याच लढाईत वापरला. लांडगा प्रज्ञावर झेपावला आणि आई लसणाची पाकळी सोलता सोलता म्हणाली, "मी आड येतंय." पुढचा वार दादावर. "मी आड येतंय." तुला कशाला, मला काय होतंय, असं दादा म्हणत राहिला. पण नियम नियम होता आणि तो मीच केला होता. प्रत्येक वाराला आई आड यायची, मग आपल्या वाटीतून मुकाट्यानं चिंचोके काढून डब्यात टाकायची. आणि वाटीवर झाकण ठेवायची. आमच्या वाट्या उघड्या असत, तिच्या एकटीच्या वाटीवर झाकण. झाकल्याशिवाय भांडं ठेवणं तिच्या हाताला माहीतच नव्हतं, तेव्हा आम्ही कोणी लक्ष दिलं नाही. आणि दुसऱ्याच्या वाटीत बघायचं नाही, हे तर आमच्या खेळातही तसंच चालत आलं होतं. पुस्तकात लिहिलं होतं की खेळ चालवणाऱ्यानं सगळ्यांचे आकडे स्वतःजवळ ठेवावेत. मला ते आगाऊपणाचं वाटलं होतं.

मग खेळ पुन्हा बिघडला. यावेळी उलट्या बाजूनं. काही केल्या ही मंडळी हरेनात. दादाच्या वाटीत चिंचोके जवळजवळ सगळे, प्रज्ञाचेही बरेचसे. मला वाटलं माझे राक्षस लेचेपेचे आहेत. मी त्यांची ताकद वाढवली. फरक पडेना. आणखी वाढवली. प्रज्ञा रोज संध्याकाळी आमच्या गॅलरीत बसून आकडेमोड करायची. चिलखताचे झेलण्याचे आकडे फार मोठे झाले का, विश्रांतीचे चिंचोके जास्त मिळतात का, फासाच तर वाकडा नाही ना. एका आठवड्यात तिनं तो फासा घरी नेऊन शेकडो वेळा टाकला. फासा सरळ होता. मी दादाच्या लोखंडाचा आकडा एकानं उतरवला, त्यावरून घरात दोन दिवस अबोला. आई मधे बसून आम्हाला म्हणायची, भांडू नका रे, माझी गोधडी कमी करा हवी तर.

आणि या सगळ्या काळात ती जिने चढताना प्रत्येक मजल्यावर थांबायची. नारळ खवताना डावा हात नुसता वर ठेवायची, दाबायची नाही. कपडे दांडीवर टाकायचं काम तिनं कधी माझ्याकडे सरकवलं ते मला कळलंही नाही. आम्ही चार माणसं दोन खोल्यांत राहत होतो. तिनं मला पुढे सांगितलं की आधी तिनं दादाची नोकरी पक्की व्हायची वाट बघितली, मग माझ्या निकालाची, मग माझ्या ॲडमिशनची, आणि आता गणपती होते. त्या वर्षी गावच्या घरी गणपतीची पाळी आमची होती. बाबांच्या भावांमध्ये ती फिरत यायची, आणि ज्यांची पाळी त्यांच्या बाईनं नैवेद्य करायचा, घरातल्या झाडून सगळ्यांचं जेवण बघायचं. आईनं मनाशी ठरवलं होतं, गणपती आटपून आलो की सांगेन.

तो रविवार साकवावरच्या राक्षसाचा. गोष्टीत यांना ओढा ओलांडायचा होता, लाकडी साकव, खाली पाणी, आणि मधोमध माझा राक्षस, ज्याच्या दोन वारांत माणूस आडवा व्हावा अशी ताकद मी त्याला दिली होती. चिडूनच दिली होती. बाबा गॅलरीच्या दारात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. राक्षसानं वारावर वार केले आणि प्रत्येक वाराला भिंतीकडून तेच ऐकू आलं, मी आड येतंय, मी आड येतंय. राक्षस मेला. दादानं टाळी दिली. आई उठली, चहा टाकायला आत गेली. प्रज्ञानं टाळी घेतली नाही. ती राक्षसाच्या वारांचे आकडे लिहिलेल्या कागदाकडे बघत होती. मग हळू आवाजात म्हणाली, "शुभा, हिशेब जुळत नाही. कोणीतरी मेलेलं असायला पाहिजे."

तिनं सगळ्यांना चिंचोके मोजायला लावले. दादानं मोजले, तिनं तिचे मोजले. तिसरी वाटी आईच्या जागेवर होती, झाकण ठेवलेली. प्रज्ञा आमच्या घरची नव्हती, ताटात न बघण्याची शिकवण तिला कोणी दिली नव्हती. तिनं सरळ झाकण उचललं.

वाटी रिकामी होती. धुऊन पुसून ठेवल्यासारखी कोरडी. प्रज्ञानं ती तिरकी करून आम्हाला दाखवली आणि तशीच हातात धरून स्वयंपाकघराकडे बघत म्हणाली, काकू, तुम्ही मेलात. आई हातात साखरेचा डबा घेऊन दारात आली. तिच्या चेहऱ्यावर पकडल्याचं हसू होतं, लहान मुलीसारखं. "मी कधीच मेलंय गो," ती म्हणाली. "दोन-तीन आयतवार झाले."

मग सांगितलं का नाहीस, मी ओरडलेच. मला खरंच राग आला होता, खेळाचा. इतके आठवडे मी राक्षसांना दोष देत होते, दादाचं लोखंड कापत होते, प्रज्ञानं फासा झिजवला, आणि आकडे जुळत नव्हते कारण एक बाई मेल्यावरही उभी राहून वार घेत होती. आई म्हणाली, "सांगान काय करतलंय? तुमचो खेळ मोडलो असतो." एवढं बोलून ती आत वळली, कारण चहा उतू जायला आला होता.

तेवढ्यात बाबांनी पेपर खाली ठेवला. बाबा आमच्या खेळाच्या वेळी कधी तोंड उघडत नसत. उघडलं तर टोमणा मारायला. ते उठून आत गेले, गॅस बंद केला आणि आईसमोर उभे राहिले. आम्ही तिघं दाराशी. "आणखी काय झाकून ठेवलंस?" त्यांनी विचारलं. आवाज चढवून नाही. मला वाटलं ते तिची थट्टा करतायत. पण आईचं हसू गेलं. बाबांनी पुढे कधीतरी सांगितलं की महिनाभर ते बघत होते, ती कपडे एका हातानं पिळते, कुशी बदलताना दात आवळते. खांदा धरला असेल असं त्यांना वाटत होतं आणि ती आपणहून सांगेल म्हणून ते थांबले होते. त्यांनाही आजोबांची शिकवण होती.

आई ओट्याला धरून उभी होती. साखरेचा डबा अजून हातात. "डाव्या बाजूक गाठ आसा," ती म्हणाली. "शिमग्यापासून." आणि लगेच पुढे, जणू काही फार मोठं बोलून गेली म्हणून सारवासारव करत, की दुखत नाही फारशी, गणपती झाले की दाखवूया.

पुढचे दोन दिवस घरात जे झालं ते मी फारसं सांगत नाही. दादा रडला, मी आरडाओरडा केला, प्रज्ञाची आई वर येऊन आईचा हात धरून कितीतरी वेळ बसली. आईचं एकच पालुपद, गणपती. पाळी चुकवायची नाही. जावा काय म्हणतील, नैवेद्य कोण करणार, उंदीरमामासुद्धा उपाशी राहील, असलं काहीही. आम्ही समजावलं, धमकावलं, पाया पडलो. ती ऐकत नव्हती. मला तिचा हट्ट माहीत होता, आणि गणपतीला अजून दीड महिना होता. शेवटी बाबा खाली वाण्याकडे जाऊन गावी भावाला फोन करून आले. यंदाची पाळी तू घे, आम्ही येणार नाही, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला होता. हे ऐकून आई मटकन खाली बसली. आमच्याकडे पाळी सोडणं म्हणजे काय असतं ते कोकणातल्या माणसालाच कळेल. तिला वाटलं आपल्या एका गाठीपायी घराचं नाक कापलं गेलं. "देवाक काय सांगू मी?" ती म्हणाली. बाबा तिच्या समोर जमिनीवर बसले, त्यांच्या त्या तेलकट वासाच्या हातांनी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "देवाक मी सांगतंय. तू चल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिला घेऊन गेले. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, लवकर आलात असं म्हणता येणार नाही, पण उशीरही झालेला नाही, मात्र आता थांबू नका. आणखी दीड महिना गेला असता तर त्यांनी काय सांगितलं असतं, हे त्यांना विचारायचं धाडस आमच्यापैकी कोणी केलं नाही. आई त्यानंतर बरीच वर्षं जगली. दादाचं लग्न बघितलं, त्याच्या मुलांना तिरफळांचं तिखलं खायला शिकवलं, आणि गेली ती वेगळ्याच दुखण्यानं. मी आज तिच्या तेव्हाच्या वयाच्याही पुढे आलेय आणि अजून मला तिचा त्या दोन-तीन रविवारांचा राग येतो. प्रेम येतं तसाच येतो, एकाच वेळी. प्रज्ञा मुलुंडच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. ती म्हणते, आकडे बरोबर होते गं, आपण चुकीच्या माणसावर संशय घेत होतो.

खेळात आम्ही त्यानंतर एकच बदल केला. आड यायचं तर या, पण आधी आपला उरलेला जीव मोठ्यानं सांगायचा. हे कलम पुस्तकात नव्हतं, आमचं होतं. त्यानं चिलखतांचं गणित एका फटक्यात सुटलं. राक्षस पुन्हा पहिल्या ताकदीवर आले, दादाला त्याचा कापलेला आकडा परत मिळाला, आणि आश्चर्य म्हणजे तोही अधूनमधून आड यायला लागला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आईला दाखल केलं. वॉर्डात रांगेनं खाटा, खिडकीबाहेर एक उंबर, आणि तिच्याजवळ फक्त एका माणसाला थांबायची परवानगी. मी थांबले. संध्याकाळपर्यंत ती मला घरी पाठवायच्या मागे होती. बाबांचं जेवण, दादाचा डबा, बाजूच्या बाईला गरम पाणी हवंय ते बघ, तू काही खाल्लंस का. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची चादरसुद्धा तिनं झोपल्या झोपल्या उजव्या हातानं सारखी करून दिली. मी जागची हलले नाही. बोलले असते तर भांडले असते.

सकाळी तिला हिरवा झगा घातला. बांगड्या काढून माझ्याकडे दिल्या, मंगळसूत्र दिलं. तिचा गळा मोकळा मी त्याआधी कधी बघितला नव्हता. वॉर्डबॉय गाडी घेऊन आला. नर्सनं सांगितलं, नातेवाईकांनी आता खाली जाऊन बसायचं. मी उठले. नेहमीसारखी ती म्हणेल, जा, चहा पी, असं मला वाटलं, आणि मी पिशवी खांद्याला लावलीसुद्धा. तिनं माझी ओढणी धरली.

"माका भीती वाटता गो," ती म्हणाली. "जाव नको."

जन्मात पहिल्यांदा मी तिला स्वतःसाठी काही मागताना ऐकत होते. मी पिशवी खाली ठेवली. नर्स पुन्हा म्हणाली, बाहेर व्हा. मी म्हटलं, नाही होत. ती माझ्याकडे बघत राहिली, मग तिनं आईकडे बघितलं आणि दार उघडं धरलं. मी आईचा हात धरून गाडीबरोबर आतल्या दारापर्यंत चालत गेले, आणि सबंध वाटेत आईनं एकदाही म्हटलं नाही की आता पुरे, तू जा.